प्यादे सरकवण्याआधी

‘शह’, ‘मात’, ‘प्यादे’ हे शब्द आपल्या तोंडी रोजचे आहेत. निवडणुकीत एकाने दुसऱ्याला शह दिला, असे आपण म्हणतो. दुखण्यावर मात केली, असे म्हणतो. साध्या माणसाला एकाएकी मोठी जागा मिळाली, की ‘प्याद्याचा फर्जी झाला’ असे जुने लोक म्हणत. फर्जी म्हणजे वजीर. हे सारे शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आपल्या बोलण्यात आले. ज्याने उभ्या जन्मात पट पाहिला नाही, त्यालाही या खेळाचे दहा शब्द ठाऊक असतात.

तरी पुष्कळ मोठी माणसे या खेळाला बिचकतात. “तो शिकल्यासवरल्यांचा खेळ. आपल्याले काय जमते बाप्पा!” असे म्हणून बाजूला सरतात. आता घरोघरी मुले मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात. कधी शाळेतून पट आणतात. नातू म्हणतो, “आबाजी, या ना, एक डाव टाकू.” आबाजी हौसेने बसतात. आणि चौथ्या चालीला नातू ओरडतो, “मात!” आजूबाजूची पोरे हसतात. आबाजी उठतात, ते पुन्हा पटाजवळ फिरकत नाहीत.

ध्यानात घ्या, आबाजींची बुद्धी कमी पडली नाही. तीस-चाळीस वर्षे ज्याने धानाची शेती सांभाळली, पाणी केव्हा सोडायचे आणि केव्हा बांधायचे हे ज्याला कळते, त्याला पुढचा विचार येतोच. त्यांना एक युक्ती ठाऊक नव्हती, एवढेच. ती युक्ती पुढे सांगितली आहे. ती अडवायची कशी, तेही सांगितले आहे. पण आधी पट मांडू.

पटावर ८ आडव्या आणि ८ उभ्या ओळी असतात. मिळून ६४ घरे. पट असा ठेवा, की तुमच्या उजव्या हाताचे कोपऱ्यातले घर पांढरे येईल. दोघांजवळ सोळा-सोळा मोहरी असतात. कोपऱ्यांत हत्ती, त्यांच्या शेजारी घोडे, मग उंट, आणि मध्ये वजीर व राजा. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा वजीर काळ्या घरात. पुढच्या ओळीत आठ प्यादी. पहिली चाल पांढऱ्याची.

हत्ती सरळ चालतो, उभा किंवा आडवा, वाट मोकळी असेल तितका लांब. उंट तिरपा चालतो. वजीर सरळही चालतो आणि तिरपाही. राजा कोणत्याही बाजूला एक घर. घोडा अडीच घरे, आणि तो मधल्या मोहऱ्यावरून उडी मारतो. प्यादे सरळ पुढे जाते, पण मारते मात्र तिरपे. मागे कधी येत नाही. ते शेवटच्या ओळीला पोचले, की त्याचा वजीर करता येतो. राजावर मार आला तर तो शह. शहातून सुटायला वाटच उरली नाही तर ती मात, आणि डाव संपला.

इथे जुन्या माणसांची एक अडचण होते. आपल्याकडे देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजाला शह बसला नसेल, तर त्याला एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. प्यादे शेवटच्या ओळीला पोचले, की ज्या मोहऱ्याच्या ओळीत पोचले तेच मोहरे ते होई. हल्ली शाळेत, स्पर्धेत आणि मोबाइलवर जो खेळ चालतो, तो साऱ्या जगात एकाच नियमाने चालतो. त्यात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते. राजाला घोड्याची उडी नाही. तिच्या जागी किल्लेकोट आहे. याखेरीज प्याद्याने जाता जाता मारण्याचा एक आडवळणाचा नियम आहे. तो खेळ थोडा अंगवळणी पडला की नातवाकडून शिकून घ्यावा.

दोन नियमांचा फरक दिसायला लहान आहे, पण तो भारी पडतो. देशी खेळात डाव सावकाश उघडतो. प्यादी एकेक घर सरकतात, फौजा समोरासमोर यायला वेळ लागतो. नव्या खेळात तिसऱ्या-चौथ्या चालीलाच मोहरी एकमेकांना भिडतात. देशी नियमांत मुरलेला माणूस इथेच फसतो.

मीर सुलतान खान याचेही असेच झाले होते. तो पंजाबातल्या मिठा टिवाणा या गावचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. तो लहानपणापासून देशी पद्धतीने खेळला. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी तो होता. १९२९ साली मालकाबरोबर तो लंडनला गेला आणि त्याच वर्षी त्याने इंग्लंडची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली! १९३२ आणि १९३३ सालीही तीच स्पर्धा त्याने जिंकली. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने कापाब्लांका याला हरवले. कापाब्लांका हा आधीचा जगज्जेता. मौज अशी, की सुलतान खानाचे कच्चे अंग कोणते, तर सुरुवातीच्या चाली. तिथे तो मागे पडे, आणि मग डावाच्या मध्यात व शेवटात सारे वसूल करी. तो १९६६ साली वारला. २०२४ साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानाचा ग्रँडमास्टर हा किताब दिला. म्हणजे मरणानंतर ५८ वर्षांनी.

सुलतान खानाइतकी ताकद आपल्यात नाही. सुरुवातीलाच मागे पडलो तर पुढे वसूल करणे आपल्याला जमायचे नाही. म्हणून सुरुवात नीट शिकायची.

त्याआधी घरांची नावे. ज्याला अक्षरे आणि आकडे वाचता येतात, त्याचे हे काम सोपे आहे. पांढऱ्या बाजूने बसा. डावीकडून उजवीकडे आठ उभ्या ओळींना आठ इंग्रजी अक्षरांची नावे आहेत : ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूपासून १ ते ८ असे आकडे. अक्षर आणि आकडा जोडला की घराचे नाव झाले. पांढरा राजा ई १ मध्ये बसतो. काळा राजा ई ८ मध्ये. पुष्कळ पटांच्या काठावर ही अक्षरे आणि आकडे छापलेले असतात. नसतील तर खडूने लिहून घ्या.

याचा उपयोग काय? डाव लिहून ठेवता येतो. मोठ्या स्पर्धेत तर दोन्ही खेळाडूंना आपली आणि समोरच्याची प्रत्येक चाल कागदावर लिहावीच लागते. घरीही वही ठेवा. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी वहीवरून पुन्हा मांडता येतो. कुठे चुकले ते बोटाने दाखवता येते. तोंडी भांडण होत नाही, “मी असं खेळलोच नव्हतो” म्हणायला जागा राहत नाही.

आता आबाजी कसे हरले ते वाचा. नातू पांढऱ्याने खेळतो आहे.

नातू : प्यादे ई २ वरून ई ४.
आबाजी : प्यादे ई ७ वरून ई ५.
नातू : उंट सी ४.
आबाजी : घोडा सी ६.
नातू : वजीर एच ५.
आबाजी : घोडा एफ ६.
नातू : वजीर एफ ७ वरचे प्यादे मारतो. मात!

हे पटावर मांडून पाहा. नुसते वाचून जाऊ नका.

आबाजींनी शेवटची चाल वाईट हेतूने केली नाही. वजिरावर घोडा घातला, वजीर पळेल असे त्यांना वाटले. पण वजीर कशासाठी आला होता, हे त्यांनी पाहिले नाही. एफ ७ हे घर पटावर आपल्या बाजूचे सर्वांत कच्चे घर. तिथल्या प्याद्याला फक्त राजाचा जोर असतो. जोर म्हणजे पाठराखण. कोणी ते प्यादे मारले तर मारणाऱ्याला उलट मारायला फक्त राजा आहे. नातवाचा उंट दूर सी ४ वरून तिरपा त्याच घराकडे पाहतो आहे. वजीरही तिकडेच पाहतो आहे. वजिराने प्यादे मारले. राजाने वजिराला मारावे, तर वजिराला उंटाचा जोर आहे. राजाला हलायला दुसरी जागा नाही. आपलाच वजीर, आपलाच उंट आणि आपलेच प्यादे त्याला अडवून बसले आहेत, आणि मोकळ्या ई ७ वर नातवाच्या वजिराचा मार आहे.

उपाय काय? वजीर एच ५ वर आला, की जी ७ वरचे प्यादे एक घर पुढे, म्हणजे जी ६ वर सरकवा. आता वजिराची वाटही बंद झाली आणि वजिरावर मारही आला. वजिराला हटावेच लागते. पोरगा हुशार असेल तर वजीर एफ ३ वर नेईल, म्हणजे सरळ ओळीतून पुन्हा एफ ७ कडेच पाहील. आता घोडा एफ ६ वर काढा. वाट अडली. वजिराने घोडा मारला, तर आपला वजीर त्याला मारतो. मग डाव बघा. आपले दोन घोडे बाहेर आले. नातवाचा वजीर दोनदा हलला आणि हाती काही आले नाही. आता पळापळ त्याची!

यावरून पहिली गोष्ट कळते. वजीर सर्वांत जोरदार मोहरा, म्हणून त्यालाच आधी बाहेर काढावे असे नवशिक्याला वाटते. तसे करू नये. धानाच्या शेतीत कामाचा क्रम असतो. आधी पऱ्हे टाकायचे, मग बांधीत चिखल करायचा, मग रोवणी. बांधीत चिखलच झाला नाही आणि रोवणीच्या बायांना बोलावून ठेवले, तर त्यांचा दिवसही वाया आणि मजुरीही वाया. वजीर आधी काढला, की समोरचा आपले घोडे, उंट, प्यादी काढता काढताच त्याला हाकलत राहतो. तुमची प्रत्येक चाल वजिराला वाचवण्यात जाते. त्याचे प्रत्येक मोहरे मात्र फुकटात कामाला लागते.

मग आधी काय काढायचे? मधल्या दोन प्याद्यांपैकी एक दोन घरे पुढे टाका. त्याने उंटाला आणि वजिराला वाट होते, आणि मधली जागा आपल्या ताब्यात येते. मग घोडे काढा. ते आतल्या बाजूला काढा, पटाच्या मध्याकडे तोंड करून. काठावर ठेवू नका. याला हिशेब आहे. पटाच्या मध्यात उभा असलेला घोडा ८ घरांवर मार करतो. कोपऱ्यात असेल तर फक्त २ घरांवर. उंट मध्यातून १३ घरे पाहतो, कोपऱ्यातून ७. एकच मोहरे, पण चौकात उभे केले तर चारही वाटा दिसतात, आणि गल्लीच्या टोकाला उभे केले तर भिंत दिसते. हत्तीचे तेवढे तसे नाही. पट रिकामा असेल तर तो कुठूनही १४ घरांवर मार करतो. म्हणून हत्तीला घाई नाही.

दुसरे असे, की एकच मोहरे पुन्हा पुन्हा हलवू नका. नवशिक्याच्या डावात हे फार दिसते. एक घोडा काढला, आणि तोच धावतो. तिकडे जातो, इकडे येतो, एखादे प्यादे खातो, आणि शेवटी कोंडला जातो. बाकीचे सात मोठे मोहरे घरी झोपलेले! रोवणीला एकटी बाई वाकलेली आणि सातजणी धुऱ्यावर बसलेल्या, असे झाले तर काम कधी उरकेल? पहिल्या दहा चालींत दोन्ही घोडे, दोन्ही उंट बाहेर आणि राजा सुरक्षित, एवढे साधले तर पुष्कळ झाले. मी तर म्हणेन, पहिला महिनाभर एवढेच साधा. बाकी काही शिकू नका.

राजा सुरक्षित करायचा, तो किल्लेकोटाने. राजा आणि हत्ती यांच्यामधली घरे रिकामी झाली, की राजा हत्तीच्या बाजूला दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडच्या शेजारच्या घरात बसतो. ही एकच चाल धरतात. अटी अशा : राजा किंवा तो हत्ती आधी हललेला नसावा. राजाला त्या वेळी शह नसावा. ज्या घरावरून राजा जातो आणि ज्या घरात बसतो, तिथे शत्रूचा मार नसावा. पवनीचा जुना परकोट आणि बाहेरचा खंदक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातले वर्म सांगायला नको. राजा मोकळ्या मैदानात बसत नाही.

किल्लेकोट झाला की राजापुढची तीन प्यादी म्हणजे तलावाची पाळ समजा. आपला जिल्हा तलावांचा. पाळ कशी जपतात ते आपल्याला माहीत आहे. एके ठिकाणी उंदराने बीळ केले, की पाण्याला तेवढे पुरे. राजापुढचे प्यादे उगीच पुढे सरकवले, की तसेच बीळ पडते. त्या वाटेने उंट शिरतो, वजीर शिरतो. कारण असेल तर सरकवा. वर आपण जी ६ केले ते कारण होते म्हणून. हौस म्हणून नको.

आता मारामारीची गोष्ट. समोरचे मोहरे मारता येते म्हणून लगेच मारायचे, ही सवय फार वाईट. तुमसरच्या बाजारात धान विकायला नेले तर आपण आधी भाव विचारतो. इथेही भाव आहे. प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. राजाला भाव नाही, कारण तो गेला की डावच गेला. घोडा देऊन हत्ती मिळाला तर दोनाचा फायदा. हत्ती देऊन घोडा घेतला तर दोनाचा तोटा. घोडा देऊन उंट घेतला तर बरोबरी. मारण्याआधी बघा : ते मोहरे बिनजोर आहे का? जोर असेल तर मी मारल्यावर तो कशाने मारील? मग मी कशाने मारीन? शेवटी कोणाच्या पदरात किती पडते? बोटे मोजून हिशेब करा. लाजू नका. मोठे खेळाडूही मनात हाच हिशेब करतात.

हे सारे ज्या एका सवयीवर उभे आहे, ती सवय अशी. समोरच्याने चाल केली की पटाला हात लावू नका. मनात विचारा, “याने ही चाल का केली?” त्याची चाल म्हणजे एक वाक्य आहे. ते वाचल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही. आधी बघा, मला शह बसतो का? मग बघा, माझे कोणते मोहरे मारले जाते? मग बघा, पुढच्या चालीला त्याला काय करायचे आहे? नंतर स्वतःची चाल शोधा. ती सापडली तरी लगेच करू नका. ती केल्यावर तो काय करील, ते एकदा त्याच्या खुर्चीत बसून पाहा. आबाजींनी एवढे केले असते, तर त्यांना एफ ७ दिसले असते.

घोड्यावर विशेष लक्ष ठेवा. तो एका उडीत दोघांवर मार करतो. पांढरा घोडा सी ७ वर उतरला, तर ई ८ वरच्या राजाला शह आणि ए ८ वरच्या हत्तीवर मार, दोन्ही एकदम. राजा हटवावा लागतो आणि हत्ती जातो. त्यातून शहाला काटशह देता येतो का, ते पाहायचे. म्हणजे शह चुकवता चुकवता आपणच उलटा शह द्यायचा. पण तशी संधी क्वचित मिळते. त्यापेक्षा घोडा तिथे येणारच नाही, अशी सोय आधी केलेली बरी.

बायकांना हा खेळ जमत नाही, असे म्हणणारे अजून भेटतात. त्यांना खाडिलकर भगिनींची गोष्ट सांगावी. १९७४ साली बंगळूरला भारतातली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी याही पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या. रोहिणी १३ वर्षांच्या असताना, १९७६ साली, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावर हरकत घेतली गेली. प्रकरण कोर्टापर्यंत गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निकाल दिला, की बाई आहे म्हणून कोणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही. पटावर बसणारा कोण आहे, हे घोड्याला आणि उंटाला ठाऊक नसते.

आणि आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूर. तिथला रौनक साधवानी २०१९ साली ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ साली झाला. ग्रँडमास्टर हा या खेळातला सर्वांत वरचा किताब. नागपूरचीच दिव्या देशमुख. तिचा जन्म २००५ चा. २०२५ च्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरी महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात दिव्यापुढे कोण? कोनेरू हम्पी. तीही भारताचीच, वयाने दिव्याच्या दुप्पट, आणि अनुभवाने कितीतरी मोठी. मोठ्या वेळाचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग थोड्या वेळाचे डाव खेळवले. त्यातला पहिला पुन्हा बरोबरीत. दुसरा डाव, २८ जुलैला, दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. विश्वचषक जिंकणारी ती पहिली भारतीय बाई ठरली, आणि त्या विजयानेच तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर.

या सामन्यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचे ते असे. चारांपैकी तीन डाव बरोबरीत सुटले. म्हणजे जगातले सर्वांत चांगले खेळाडूही प्रत्येक डावात मात करायला धावत नाहीत. आधी हरायचे नाही, आपली जागा धरून ठेवायची, आणि समोरच्याची चूक झाली की सोडायची नाही. नवशिका मात्र दहाव्या चालीलाच मात शोधतो.

बहुतेक डाव मातीने लवकर संपत नाहीत. वजीर, हत्ती मारले जातात आणि पटावर राजे आणि थोडी प्यादी उरतात. हा डावाचा शेवट. इथे सारे उलटे होते. आतापर्यंत राजाला लपवले, आता त्याला बाहेर काढायचे. धाक घालणारा वजीर उरला नाही, आता राजाच कामाचा गडी. एक प्यादे आणि राजा, विरुद्ध एकटा राजा, असा प्रसंग पुष्कळदा येतो. नवशिका प्यादे पळवतो. प्यादे शेवटून दुसऱ्या ओळीला पोचते, पुढे काळा राजा वाट अडवून बसतो, आणि डाव बरोबरीत. तसे करू नका. राजा पुढे, प्यादे मागे. गुराखी गुरांच्या मागे चालतो, पण इथे गुराख्याने पुढे होऊन वाट मोकळी करायची. पांढरा राजा सहाव्या ओळीला पोचला आणि प्यादे त्याच ओळीत त्याच्या लगेच मागे असले, तर ते वजीर होतेच. फक्त अगदी काठावरच्या दोन ओळींतल्या प्याद्यांना हे लागू नाही.

वजीर झाला, आता मात करायची उरली. आणि इथे हातातोंडाशी आलेला घास जातो. समोरच्याजवळ एकटा राजा उरला आहे. त्याला शह नाही, पण त्याला हलायलाही घर नाही. त्याची पाळी आहे आणि कोणतीच चाल करता येत नाही. अशा वेळी तो हरला असे धरत नाहीत. डाव बरोबरीत सुटतो! समजा काळा राजा ए ८ या कोपऱ्यात आहे. तुम्ही वजीर बी ६ वर आणून ठेवला. राजाची तिन्ही घरे बंद झाली, पण शह नाही. झाले, गेला डाव. राजा कोपऱ्यात असला आणि वजीर त्याच्यापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर आला, की हे होते. म्हणून वजीर तिथे ठेवण्याआधी थांबा.

याचा सराव घरी करता येतो. पटावर फक्त पांढरा राजा, पांढरा वजीर आणि काळा राजा ठेवा. नातवाला काळा राजा द्या. वजिराने त्याला काठाकडे रेटत न्या, मग आपला राजा मदतीला आणा. वजिराने एकट्याने मात होत नाही. नीट खेळले तर कुठूनही १० चालींच्या आत मात करता येते. पहिल्या दिवशी तीस-चाळीस चाली लागतील, एखादे वेळी बरोबरीही होईल. चाली मोजत चला आणि वहीत लिहा. स्पर्धेत तर मोजाव्याच लागतात. दोघांच्या ५० - ५० चाली झाल्या आणि त्यात एकही मोहरे मारले गेले नाही, एकही प्यादे हलले नाही, तर समोरच्याला बरोबरी मागता येते.